नाशकात घरांचे फोटो काढायचे तर दर काय लावावा?

गंगापूररोड_नाशिक

नमस्कार मंडळी. लग्नाचे फोटो काढतो. चातुर्मासात तारखा नसतात, त्या दिवसांसाठी दुसरं काम शोधतोय. ओळखीच्या एका एजंटने विचारलंय, रिसेलचे फ्लॅट आणि काही रो-हाऊस आहेत, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, आडगाव असा पसारा. फ्लॅटला हजार रुपये देतो म्हणाला, महिन्याला दहा-बारा कामं नक्की. माझ्याकडे फुलफ्रेम बॉडी, २४-७० आणि ८५ मिमीच्या लेन्स आणि दोन फ्लॅश आहेत. वाइड लेन्स नाही.

यूट्यूबवर अमेरिकन फोटोग्राफर चौरस फुटांवर दर लावतात आणि फोटो विकत न देता 'लायसन्स'वर देतात. आपल्याकडे हे चालतं का? घरचे म्हणतात आधी हजार घे, मग हळूहळू वाढव. एजंट ड्रोनही मागतोय. जाणकारांनी सांगा.

उभीरेष_पुणे

हजाराला हो म्हणू नका. 'नंतर वाढवू' हे एजंटच्या बाबतीत होत नाही. त्याच्या डोक्यात तुमचा दर हजार असाच बसतो आणि तो तुमचं नाव पुढे सांगतो तेव्हा दरासकट सांगतो. मी बाणेर, वाकड, हडपसर या पट्ट्यात पूर्णवेळ हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी खर्च मांडा. बॉडी, वाइड लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश मिळून दोन लाखांचं सामान धरलं आणि ते चार वर्षं चाललं, तर वर्षाला पन्नास हजार त्यातच गेले. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, पेट्रोल, विमा, फोन धरून महिन्याला बारा हजार कुठे जात नाहीत. घरखर्चाला चाळीस हजार हवेत असं समजू. झाले बावन्न. आता महिन्यात कामं किती होतील? एक फ्लॅट म्हणजे जाण्यायेण्यात तास-दीड तास, शूटला दीड तास, एडिटिंगला दोन तास, शिवाय 'चावी शेजारच्या काकूंकडे आहे, त्या बाहेर गेल्यात' यात गेलेला वेळ वेगळाच. अठरा कामं झाली तर महिना चांगला गेला म्हणायचा. बावन्न हजार भागिले अठरा, म्हणजे एका कामाला जवळपास २,९००. तुम्ही लग्नंही करणार, तेव्हा सगळा बोजा याच कामावर पडणार नाही, हे मान्य. पण हजारात पेट्रोल आणि एडिटिंगचेच पैसे सुटतात.

माझा दर: टू बीएचकेपर्यंत ३,०००, त्यात पंधरा ते अठरा फोटो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. थ्री बीएचके ४,०००, रो-हाऊस ५,५००. पुणं आहे म्हणून थोडा जास्त; नाशकात टू बीएचकेला २,२०० ते २,५०० मागायला हरकत नाही. चौरस फुटांवर मी कधीच लावत नाही. आपल्याकडे क्षेत्रफळ मोजण्याच्या कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप अशा तीन पद्धतींचा घोळ आहे, एजंट दर वेळी कमी आकडा सांगणार आणि तुम्ही दारात उभं राहून वाद घालणार. फोटोमागे दर लावला तर लोक 'सहाच काढा' म्हणतात आणि त्या सहांत घर दिसत नाही. बेडरूमच्या संख्येवर दर लावला की कुणाला काही समजवावं लागत नाही.

लायसन्सचं नीट समजून घ्या, कारण इथे आपला कायदा वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणाराच. म्हणजे अमेरिकन व्हिडिओ बघून तुम्ही 'फोटो माझे, तुम्हाला फक्त वापरायला दिले' म्हणालात आणि लेखी काही नसेल, तर ते टिकत नाही. एजंटच्या रिसेल फ्लॅटसाठी मी याच्या मागे लागतही नाही, तीन महिन्यांनी त्या फोटोंची किंमत शून्य असते. पण बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट असेल तर तेच फोटो ब्रोशर, होर्डिंग आणि वेबसाइटवर वर्षानुवर्षं चालतात. तिथे दिवसाचे १५,००० घेते आणि कोटेशनमध्येच लिहिते: कॉपीराइट फोटोग्राफरकडे, वापर या प्रकल्पासाठी दोन वर्षं, होर्डिंगचे वेगळे. त्यावर त्यांची सही किंवा मेलवर 'मान्य' आल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढत नाही.

आता प्रत्यक्ष काम. २४-७० वर हॉल होईल, पण बाथरूम आणि किचन होणार नाही. १६-३५ एफ/४ ही वाइड लेन्स सेकंडहँड घ्या. १६ वरच अडकून राहू नका, दहा बाय दहाची बेडरूम १६ वर लग्नाच्या हॉलएवढी दिसते आणि माणूस घर बघायला आला की पहिल्या पावलातच नाराज होतो. मी बहुतेक २० ते २४ वर असते. कॅमेरा छातीच्या उंचीला, अगदी लेव्हलमध्ये. वर-खाली कललात की भिंती आत झुकतात आणि कुणाला कारण कळलं नाही तरी फोटो स्वस्त वाटतो.

आपल्या घरांत खरा त्रास उजेडाचा. फॉल्स सीलिंगमध्ये पिवळे एलईडी, भिंतीवर पांढरी ट्यूब, खिडकीतून निळसर उजेड आणि समोरच्या गुलमोहरामुळे त्यात हिरवट झाक. सगळे दिवे लावून काढलं तर भिंतीवर तीन रंग येतात, ते एडिटमध्ये पूर्ण जात नाहीत. मी ट्यूब बंद करते, खिडकीचा उजेड ठेवते, ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या (उजेडाच्या पायऱ्यांच्या) फरकाने तीन फ्रेम घेते आणि एक फ्रेम फ्लॅश छतावर मारून, म्हणजे भिंतीचा खरा रंग मिळतो. मग चारही एकत्र. पंखा बंद करायला विसरू नका, नाहीतर जोडताना पात्यांची भुतं होतात.

ओट्यावरचा मिक्सर, तेलाची बरणी, सिंकमधली भांडी, नळाला अडकवलेलं फडकं हलवा. काळ्या ग्रॅनाइटमध्ये तुम्ही स्वतः दिसता, बाजूला सरका. लोक राहत असलेल्या घरात मुलांचे फोटो, कॅलेंडरवर लिहिलेले फोन नंबर, दारावरची पाटी फ्रेममध्ये येऊ देऊ नका. देव्हाऱ्याचं आधी विचारा. काहींना तो फोटोत हवा असतो, काहींना अजिबात चालत नाही, आणि न विचारता हलवला तर शूट तिथेच संपतं.

एडिटमध्ये ढगाळ आकाश निळं केलं, भिंतीवरचा डाग पुसला, इथपर्यंत ठीक. खिडकीबाहेरची हायटेन्शन लाइन किंवा समोरचा ट्रान्स्फॉर्मर मी काढत नाही, कितीही पैसे दिले तरी. कुणीतरी आयुष्यभराची कमाई त्या खिडकीत घालणार असतो. प्रकल्पाच्या जाहिरातीत असं केलं आणि त्यावर विसंबून कुणी बुकिंगचे पैसे भरून नुकसानीत गेला, तर रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या, कलम १२ खाली भरपाई मागता येते.

नाशिकरोड_एजंट

ताईंनी चांगलं लिहिलंय, पण हजार का देतो तेही ऐका. अमेरिकेत एक घर एका एजंटकडे करारावर असतं, त्यामुळे तो खिशातून खर्च करतो. आपल्याकडे तोच फ्लॅट पाच जणांकडे. मी तीन हजार घालून फोटो काढून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या नावाने फिरायचे. सौदा त्याने केला तर माझी दलाली गेली आणि फोटोचे पैसेही. भाड्याच्या फ्लॅटला तर आम्ही मोबाइलवरच काढतो, परवडतच नाही.

आणखी एक. प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेरा नंबर आणि २०२३ च्या ऑगस्टपासून क्यूआर कोडही लागतो. फोटो काढताना खाली थोडी मोकळी फरशी सोडत जा, नाहीतर डिझायनर सोफ्यावर कोड चिकटवतो.

उभीरेष_पुणे

भाऊ, अगदी बरोबर, आणि माझ्या मते या धंद्यातली मुख्य गोष्ट तुम्हीच सांगितलीत. म्हणूनच रिसेलमध्ये मी बिल एजंटच्या नावाने कमी आणि घरमालकाच्या नावाने जास्त करते. साठ लाखांचा फ्लॅट विकणाऱ्याला अडीच-तीन हजार जड नाहीत. फोटो मालकाचे, मग त्याने ते पाचही एजंटांना द्यावेत. एजंट फक्त गाठ घालून देतो आणि त्यालाही चांगले फोटो फुकट मिळतात. तुम्हाला स्वतःच्या खर्चाने काढायचे असतील तर ज्या फ्लॅटची चावी एकट्या तुमच्याकडे आहे तेवढेच काढा.

गंगापूररोड, तुमच्या एजंटला हेच सांगून बघा. शिवाय महिन्याचा करार द्या: आठ घरं, प्रत्येकी २,०००, पैसे महिन्याच्या सुरुवातीला. पैसे आधी मिळत असतील तरच सूट.

गंगापूररोड_नाशिक

खूप आभार. मालकाकडून घ्यायचं हे सुचलंच नव्हतं. दोन शंका राहिल्या. पैसे अडकले तर काय? आणि ड्रोन?

उभीरेष_पुणे

पैसे: मालक असो की एजंट, निम्मे आधी घ्या, उरलेले मिळाले की फोटो. तोपर्यंत लहान आकाराचे, वॉटरमार्क टाकलेले पाठवा. घर बंद निघालं आणि फेरी फुकट गेली तर निम्मे पैसे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर आधी लिहून ठेवा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते म्हणून मी त्या दिवशी कामच घेत नाही, तुमच्याकडचा वार बघून ठेवा.

बिल्डर आगाऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. तो नंबर बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ पासून मुदत उलटून गेली की तो खर्च पैसे चुकते होईपर्यंत त्यांना करात दाखवता येत नाही. मार्च आला की त्यांचा अकाउंटंट आपणहून फोन करतो. जीएसटी वर्षाला २० लाखांपर्यंत सक्तीचा नाही, पण बिल्डर विचारतातच, तेव्हा हे माहीत असू द्या.

बिल्डरचं काम पितृपक्षात येतं, हेही लक्षात ठेवा. त्या पंधरवड्यात बुकिंग थंड असतं पण दसऱ्याच्या जाहिरातीसाठी फोटो तेव्हाच लागतात. गुढीपाडव्याआधीही तसंच. चातुर्मासातल्या रिकाम्या तारखांना हे नेमकं बसतं. आणि नाशकात असून तुम्ही गंगापूर धरणाकडच्या व्हिला आणि होमस्टे सोडू नका, समोर २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. असा मालक रोजच्या भाड्याने कमावतो, फोटो वर्षभर वापरतो, त्याला ८-१० हजार सांगा. संध्याकाळचे, दिवे लागल्यावरचे फोटो त्यातच.

नाशिकरोड_एजंट

ड्रोनचं मी सांगतो. इथे देवळालीला तोफखाना, गांधीनगरला लष्कराची धावपट्टी, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी साइटचा नकाशा उघडून पत्ता टाका आणि लाल भाग असेल तर विषय बंद. अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन असला तरी लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. एजंटने मागितला तर गच्चीवरून ट्रायपॉड लावून काढलेले दोन फोटो द्या, आम्हाला आजूबाजूचा परिसर दिसला की पुरतं.