नोकरी सोडून जॉबवर्क : धंद्याला लागणारे गुण आपल्यात आहेत का, तपासायचं कसं?

मायक्रोमीटर३६
चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. भोसरीत गाळा भाड्याने घेऊन एक व्हीएमसी (धातू कापणारं संगणकचालित मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरचं काम, करायचा विचार चालू आहे. नेटवरच्या 'तुम्ही उद्योजक होऊ शकता का' छापाच्या चाचण्या दिल्या. धोका पत्करता का, नेतृत्व करता का, हार मानता का... सगळ्यांत उत्तम गुणांनी पास! त्यामुळे काहीच कळलं नाही. स्वतःची खरी ताकद ओळखायची काही ठोस पद्धत आहे का?

शॉपफ्लोअर_काका
त्या चाचण्यांत कुणी नापास होत नाही, कारण उत्तर देणारेही तुम्हीच आणि तपासणारेही तुम्हीच. त्यापेक्षा झालेल्या कामाचा पुरावा बघा.

गेल्या दोन वर्षांतले पंधरा-वीस प्रसंग वहीत लिहा. प्रत्येकापुढे चार रकाने : काय अडलं होतं, कुणी न सांगता तुम्ही काय केलंत, कुणाकडून करवून घेतलंत, आणि पैशात किंवा वेळेत किती फरक पडला. 'टीमला प्रेरणा दिली' असलं काही लिहायचं नाही. 'बोअरचं (भोकाचं) रिजेक्शन चालू होतं, फिक्स्चरची (भाग धरून ठेवणाऱ्या साधनाची) लोकेटिंग पिन झिजलेली सापडली, बदलल्यावर थांबलं' असं लिहायचं.

मग लाल पेन घ्या. जे कंपनीच्या नावामुळे झालं ते खोडा. व्हेंडर तुमच्या एका फोनवर रात्री दहाला माल बदलून देतो, तेव्हा तो तुमच्या पीओला (कंपनीच्या खरेदी ऑर्डरला) मान देत असतो, तुम्हाला नाही. उद्या तुम्हीच व्हेंडर झालात की तो फोन उलट्या बाजूने येणार आहे. नोकरीतून धंद्यात येणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. खुर्चीची ताकद आपली वाटते.

खोडून जे उरेल त्यात एकाच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा दिसतं का बघा. क्वालिटीवाल्यांच्या बाबतीत बहुधा तीन गोष्टी दिसतात : ड्रॉइंग बारकाईने वाचणं, दोषाचं मूळ शोधणं आणि कागदपत्र चोख ठेवणं. हे किरकोळ समजू नका. बऱ्याच छोट्या वर्कशॉपना मशिनिंग उत्तम येतं, पण पीपीएपीची (गिऱ्हाइकाकडून भाग मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांची) फाइल मागितली की घाम फुटतो आणि ऑर्डर हातची जाते.

याचीच दुसरी बाजूही बघून ठेवा. ड्रॉइंगवर ±०.०५ मिमी असताना सवयीने ±०.०१ मध्ये काम काढायचा मोह होतो. फिनिशिंगचा एक पास वाढतो, सायकल टाइम वाढतो आणि भाव मात्र तोच. गिऱ्हाइकाने न मागितलेल्या अचूकतेचे पैसे कुणी देत नाही.

ताळेबंद
वरचं बरोबरच आहे, पण यात आकड्यांशी दोस्ती आहे का हे कळत नाही. ते तपासायला एक गणित देतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही स्वतः कोटेशन आणून भरा.

महिन्याचा खर्च : मशीनचा हप्ता ६०,०००, गाळ्याचं भाडं २५,०००, दोन ऑपरेटर ५०,०००, वीज २०,०००, इन्सर्ट-टूल-कूलंट १५,०००. एकूण १,७०,०००. दोन पाळ्या, २६ दिवस, म्हणजे ४१६ तास. भागाकार केला की तासाला साधारण ४०९ रुपये येतात, आणि नवखा माणूस ४५० चा भाव देऊन खूश होतो.

पण मशीन ४१६ तास चिप काढत (धातू कापत) नाही. सेटिंग, पहिल्या पीसची मंजुरी, माल न येणं, वीज जाणं, ऑपरेटरची दांडी हे सगळं धरून ६५ टक्के वापर मिळाला तर तास उरतात २७०. आता दर येतो ६३०. म्हणजे ४५० च्या भावात प्रत्येक तासाला १८० रुपये खिशातून. यात तुमचा पगार अजून धरलेलाच नाही.

हे वाचताना 'मग ६५ चे ७५ कसे करता येतील' हा विचार आपोआप सुरू झाला, तर ती धंद्याची ताकद आहे. कंटाळा आला, तर हिशेब बघणारा भागीदार आधी शोधा, मशीन नंतर.

वसुलीबहाद्दर
गणित महिनाभरात शिकता येतं हो. मागायची लाज जात नाही, तिथे माणूस अडकतो. काम मागायची लाज आणि झालेल्या कामाचे पैसे मागायची लाज.

सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. पण कायद्याचं पत्र पाठवलं की पुढची ऑर्डर मिळेलच असं नाही, म्हणून बहुतेक जण फोनवरच गोडीगुलाबीने वसूल करतात. शिवाय मासिक विवरण भरत असाल, तर बिलावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने दमडी दिली नसली तरी.

चाचणी सोपी आहे. सोसायटीच्या थकबाकीची यादी घ्या आणि वसुलीचं काम अंगावर घ्या. संबंध न बिघडता पैसे आले, तर तुम्ही पास.

मायक्रोमीटर३६
सगळ्यांचे आभार. वही लिहिली. खोडल्यावर उरलं ते काकांनी सांगितलं तसंच : मोजमाप, मूळ शोधणं, कागदपत्रं. हिशेब आवडतो. पण अनोळखी माणसाला फोन करून काम मागणं जिवावर येतं. मग नाद सोडावा का?

शॉपफ्लोअर_काका
नाद सोडू नका, धंदा बदलून बघा. तुमच्या यादीत मशीन चालवणं कुठेच नाही! मग हप्ता मशीनचा का?

पुरवठादारांना बाहेरून तपासणी, सॉर्टिंग, पहिल्या पीसचे रिपोर्ट आणि पीपीएपी फाइल करून देणं हाही धंदाच आहे. भांडवल व्हीएमसीच्या तुलनेत फारच थोडं. आणि इथे गिऱ्हाईक अडचणीत असतं, लाइन थांबायची वेळ आलेली असते, त्यामुळे ओळखीतून ओळख निघत जाते. अनोळखी फोन उरतात, पण कमी.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांचा रिंगा फेकायचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खुंटीपासून किती लांब उभं राहायचं हे खेळणाऱ्यानेच ठरवायचं. काही जण अगदी जवळून टाकतात, काही उगाच लांबून. यशाची खरी आस असलेला मधलं अंतर निवडतो, जिथे जमेल पण जोर लावावा लागेल. याच मॅक्लेलंडनी १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं होतं, म्हणजे हा गुण घडवता येतो यावर त्यांचा विश्वास होता. तुमच्यासाठी एकदम व्हीएमसी हे लांबचं अंतर वाटतं.

ताळेबंद
काकांशी सहमत. फक्त नियुक्तीपत्र काढून दुसऱ्या कामाबद्दलचं कलम आधी वाचा. नोकरीत असताना स्वतःच्या कंपनीच्या व्हेंडरचं काम अजिबात घेऊ नका, तो सरळ हितसंबंधांचा प्रश्न होतो. राजीनाम्याआधी किती पैसे बुडाले तरी घर चालेल तो आकडा बायकोसमोर बसून ठरवा आणि त्याच्या आत राहा.

सुरुवातीला ग्रॅनाइट सरफेस प्लेट, हाइट गेज, डिजिटल व्हर्निअर, ०-२५ आणि २५-५० मिमीचे मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल गेज एवढी मोजमापाची साधनं पुरतात. सगळं एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून, म्हणजे अचूकता तपासून, घ्या, प्रमाणपत्राशिवाय तुमचा रिपोर्ट कुणी धरणार नाही. सीएमएम (भागाची त्रिमितीय मापं घेणारं मशीन) विकत घेऊ नका, तासावर भाड्याने मिळतं.