कॅटलानमधले क्रमवाचक शब्द: चौथ्यापर्यंत ठीक, पुढं काय?

गोदाकाठ, नांदेड
मराठवाड्याच्या इतिहासावरचा मजकूर कॅटलानमध्ये (बार्सिलोनाकडची भाषा) न्यायचाय. 'सातवा निजाम', 'चौदावा लुई', 'एकविसावं शतक' इथं गाडी अडली. प्रिमे, सगोन, तर्से, क्वार्त येतात. 'विंत-इ-प्रिमे' (वीस-आणि-पहिला) चूक का? आणि बार्सिलोनाच्या पत्त्यात ४ ला टी, २ ला ए चिकटवलेला असतो, तो कशाचा?

शब्दवेल, लातूर
आपले पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे चार अडेलतट्टू; पाचव्यापासून नुसतं 'वा' लावत सुटायचं. कॅटलानचा सांधाही नेमका तिथंच. सिंकचं (पाच) सिंके, सेतचं (सात) सते.

जोडसंख्येत अडेलतट्टूंना थारा नाही, म्हणून विंत-इ-उने. आपणही एकविसावा म्हणतो, वीस-पहिला नाही. स्पॅनिश मात्र 'विसावा पहिला' अशीच जोडी लावते. स्पॅनिश करून आलेले इथंच घसरतात.

लिंग सांभाळा: सिंके, स्त्रीलिंगी सिंकेना, पुल्लिंगी अनेकवचन सिंकेन्स. हा न लॅटिनपासूनचा. शब्दाच्या टोकाला गळाला, पुढं प्रत्यय आला तिथं टिकला. सिंके लिहिताना शेवटच्या ई वर येणारी तिरपी रेघ फक्त पुल्लिंगी एकवचनात. न दिसला की रेघ पुसा.

पानकळा, परभणी
राजे, पोप आणि शतकांचं वेगळं आहे. दहापर्यंत क्रमवाचक, अकरापासून साधा आकडा. म्हणून चौदावा लुई म्हणजे 'लुई चौदा', शतक म्हणजे 'शतक एकवीस'. मजकुरात रोमन आकडाच छापतात, पंचाईत वाचताना होते. फ्रेंच तर राजे-पोपांच्या नावांत पहिल्यानंतर लगेच आकड्यावर येते: चौथा हेन्री तिथं 'हेन्री चार'. इटालियन शेवटपर्यंत क्रमवाचकच ठेवते.

सातव्या निजामाला हा नियम लावूच नका. तिथं सातवा हे साधं विशेषण, नामाच्या आधी: 'अल सते निझाम'.

शब्दवेल, लातूर
पत्त्याचं राहिलं. आकड्याला शब्दाचं शेवटचं अक्षर चिकटवतात, मध्ये टिंब नाही. ४ टी म्हणजे क्वार्त, चौथा मजला. २ ए म्हणजे सगोना, दुसरं दार (दार स्त्रीलिंगी). पुल्लिंगी पहिल्या-तिसऱ्याला आर, दुसऱ्याला एन. प्रिमे, तर्सेतला आर बार्सिलोनाकडं उच्चारात नाही, लिहिण्यात आहे. ऐकून लिहिणारे तो हमखास गाळतात. व्हॅलेन्सियाकडं तो ऐकूही येतो.

जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर आंत्रसोल नावाचा मजला, मग प्रिन्सिपाल, आणि त्यावर 'पहिला'. दोन्ही असतील तर पहिल्यासाठी तीन जिने चढायचे.

गोदाकाठ, नांदेड
मग 'पाचवी' लिहिताना ५ ला रेघवाला ई नको?

शब्दवेल, लातूर
नको, ए. सिंकेनाचं शेवटचं अक्षर. रेघवाला ई 'पाचवा'साठी. व्हॅलेन्सियात तीच रेघ उलट्या बाजूला झुकते.