गाडीच्या बाहेरच्या दिव्यांत एलईडी बसवल्यानंतर आलेल्या अडचणी : आपल्या सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-२०३, शनिवार, सकाळी ९.१०
सर्वांना नमस्कार. गणपतीला गावी निघण्यापूर्वी आम्ही आमच्या २०१८ च्या हॅचबॅकमधील, हेडलाइट वगळता, बाहेरचे सर्व बल्ब बदलून एलईडी बसवून घेतले. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे इंडिकेटर फार भरभर टिकटिकतात, ब्रेक दाबला की मागच्या डाव्या दिव्यातील इंडिकेटरही मंद उजळतो आणि दिवे बंद असले तरी इग्निशन चालू करताच नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतो. दुकानदाराने दोनदा बल्ब बदलून पाहिले. आता प्रत्येक इंडिकेटरला रेझिस्टर (जास्तीचा प्रवाह घेणारा छोटा भाग) जोडावा लागेल असे तो म्हणतो. तसे करून घ्यावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डी-१०१, सकाळी ९.२५
आमच्याही गाडीला असेच झाले होते. रेझिस्टर बसवल्यावर टिकटिक ठीक झाली, त्यामुळे तुम्हीही तो बसवून घ्यायला हरकत नाही.

बी-४०३, सकाळी ९.५५
ताई, रेझिस्टर बसवण्याची घाई कृपया करू नका. माझे आयुष्य वाहनांच्या विजेच्या कामात गेले आहे आणि तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असावीत असे मला वाटते.

पहिली गोष्ट भरभर टिकटिकण्याची. इंडिकेटरचा मूळ बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे १२ व्होल्टला तो सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो, तर त्याच जागी बसवलेला एलईडी जेमतेम अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही कमी घेतो. गाडीचे नियंत्रण युनिट या प्रवाहावरूनच बल्ब शाबूत आहे की गेला आहे ते ओळखते, आणि प्रवाह कमी दिसला की बल्ब गेला असे समजून, चालकाला कळावे म्हणून मुद्दाम वेग दुप्पट करते. म्हणजे गाडी बिघडलेली नाही. ती तिला शिकवल्याप्रमाणेच वागते आहे. मात्र नियमानुसार इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा असायला हवी, त्यामुळे हे असेच सोडून देणेही योग्य नाही.

रेझिस्टर बसवल्याने युनिटला पुरेसा प्रवाह दिसतो आणि वेग ठीक होतो, हे डी-१०१ यांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याची किंमत समजून घ्या. बाजारात मिळणारा ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टला २ अँपिअर घेतो आणि २४ वॅट उष्णता टाकतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या घरात जाते, तेव्हा तीच उष्णता ३२ वॅटच्या वर जाते. बल्बची वीज वाचवायची आणि ती रेझिस्टरमध्ये जाळायची, असा हा व्यवहार झाला. घाटात गाडी बंद पडली आणि अर्धा तास चारही इंडिकेटर चालू ठेवावे लागले, तर हात लावता येणार नाही इतका तो तापतो. डबल टेपने बंपरच्या प्लास्टिकला चिकटवलेले किंवा वायरिंगच्या गुंडाळीत खोचलेले रेझिस्टर मी पाहिले आहेत आणि त्यांच्याखालचे वितळलेले प्लास्टिकही पाहिले आहे. बसवायचाच असेल तर तो उघड्या पत्र्यावर, स्क्रूने आवळून, वायरींपासून दूर बसवावा.

ए-२०३, सकाळी १०.२०
काका, इतके सविस्तर समजावल्याबद्दल मनापासून आभार. फक्त फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग, बदलून काम होत नाही का? आमच्या मेव्हण्यांच्या जुन्या गाडीत तसेच केले होते.

बी-४०३, सकाळी १०.४०
जुन्या गाड्यांत फ्लॅशर हा स्वतंत्र डबीसारखा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो, तिथे एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवणे हा सर्वात स्वच्छ उपाय आहे. तुमच्या गाडीत ते काम नियंत्रण युनिटच्या आतच होते, म्हणून वेगळी डबी बदलता येत नाही. माझे स्पष्ट मत विचाराल तर चारही इंडिकेटरना मूळचे २१ वॅटचे बल्ब परत बसवावेत. तिथे एलईडीने मिळण्यासारखे फारसे काही नाही.

ब्रेक लाइटची गोष्ट वेगळी आहे. फिलामेंटची तार तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, एलईडी मात्र जवळजवळ तत्काळ उजळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेचार मीटरच्या आसपास पुढे सरकते, म्हणून ब्रेक लाइटचे एलईडी मी काढायला सांगणार नाही. फक्त लाल काचेमागे लाल एलईडीच हवा. पांढरा बसवला तर त्याच्या प्रकाशात लाल भाग कमी असल्याने दिवा फिकट दिसतो. शिवाय पार्किंग लाइट आणि ब्रेक लाइट एकाच बल्बमध्ये असल्याने दोन्हींतला फरक ठळक हवा. पार्किंग लाइट लावून वीस पावले मागे उभे राहा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. फरक चटकन लक्षात आला नाही, तर तो बल्ब ठेवू नका.

नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतो, कारण बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी युनिट क्षणभराचे छोटे प्रवाह सोडून पाहते. फिलामेंट तेवढ्याने तापत नाही, एलईडी मात्र उजळतो. त्याला धोका म्हणता येणार नाही.

मला काळजी वाटते ती ब्रेकबरोबर उजळणाऱ्या इंडिकेटरची. ते अर्थिंगच्या दोषाचे लक्षण आहे. प्रवाहाला परतीची वाट नीट मिळाली नाही की तो शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. हा दोष बहुधा आधीपासूनच असणार. जुन्या बल्बमध्ये तो दिसत नव्हता, एलईडीला मात्र काही मिलीअँपिअरही पुरतात, म्हणून तो आता उघडा पडला. उद्या सकाळी पार्किंगमध्ये गाडी दाखवा, मी मल्टिमीटर घेऊन येतो.

सी-५०२, सकाळी ११.०५
काका, मी हेडलाइटमध्येच एलईडी बसवले आहेत. प्रकाश भरपूर पडतो, पण गेटवरचे सुरक्षारक्षक डोळ्यांवर हात धरतात, हे मलाही दिसते आहे. उद्या माझीही गाडी पाहाल का?

बी-४०३, सकाळी ११.१५
अवश्य आणा, आणि जुने हॅलोजन बल्ब टाकून दिले नसतील तर तेही आणा.

बी-४०३, रविवार, दुपारी १२.३०
ज्यांना सकाळी येता आले नाही त्यांच्यासाठी लिहितो. ए-२०३ यांच्या गाडीचा मागचा डावा दिवा बाहेर काढला, तेव्हा होल्डरच्या अर्थच्या पितळी पट्टीवर हिरवा थर साचलेला होता आणि रबरी सीलच्या एका कोपऱ्यात पावसाचे पाणी अजून होते. तपासणीसाठी आम्ही तात्पुरता जुना २१ वॅटचा बल्ब लावला, कारण एलईडीच्या अल्प प्रवाहावर असा दोष मीटरवर नीट दिसत नाही. बल्ब पेटलेला असताना बॅटरीची ऋण बाजू आणि होल्डरचा अर्थ यांच्यामध्ये १.८ व्होल्ट आले, ते ०.२ च्या आत असायला हवे होते. बारीक पॉलिश पेपरने पट्टी घासली, अर्थचा बोल्ट काढून खालचा पत्रा स्वच्छ केला आणि बोल्ट पुन्हा आवळला, तेव्हा आकडा ०.०८ वर आला. दुकानात दोनदा बल्ब बदलूनही फरक का पडला नाही, ते यावरून लक्षात येईल.

सी-५०२ यांच्या हेडलाइटबाबत मात्र मला ठामपणे लिहायचे आहे. एच-४ प्रकारच्या (एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर असलेल्या) हेडलाइटचा परावर्तक ठरावीक जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. तिथे एलईडीच्या चपट्या चिप्स आल्या की प्रकाश वाढतो, पण तो नको तिथेही पसरतो. आम्ही गाडी भिंतीपासून ५ मीटरवर समोरासमोर उभी केली आणि हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला निळी चिकटपट्टी लावली. डिपरच्या प्रकाशाची वरची कड त्या पट्टीच्या ५ सेंटीमीटर खाली असावी आणि आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून ती फक्त डावीकडे वर चढावी. त्यांच्या गाडीत कडच नव्हती. पट्टीच्या हातभर वरपर्यंत पांढरा प्रकाश होता. बल्ब फिरवून चिप्स डाव्या-उजव्या बाजूंना आणल्यावर थोडी सुधारणा झाली, पण कड तयार झाली नाही. जुना ६०/५५ वॅटचा हॅलोजन लावताच ती रेघेसारखी उमटली.

प्रकाश कमी वाटत असेल तर पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्यावी आणि बल्बपाशी पूर्ण व्होल्टेज पोहोचते का ते पाहावे. कमी पोहोचत असेल तर रिले असलेले वायरिंग बसवावे. ९०/१०० वॅटचे बल्ब बसवू नयेत, त्यांनी होल्डर वितळतात आणि समोरच्याच्या डोळ्यांना त्रास तोच होतो.

सी-५०२, दुपारी १२.५५
मी दोन्ही बाजूंना हॅलोजन परत बसवले आहेत आणि काच पॉलिश करायला मंगळवारची वेळ घेतली आहे. काल रात्रीपर्यंत समोरून येणाऱ्यांना माझ्यामुळे जो त्रास झाला, त्याचे मला वाईट वाटते.

ए-२०३, सायंकाळी ६.४०
इंडिकेटरना मूळचे बल्ब बसवले. घड्याळ लावून मोजले, तर मिनिटाला ८६ वेळा उघडझाप होते. ब्रेक दाबल्यावर आता फक्त ब्रेक लाइटच पेटतो. नवीन रबरी सील उद्या मिळेल, तोपर्यंत गाडी आतल्या बाजूला, छताखाली उभी केली आहे.

बी-४०३, सायंकाळी ७.०५
उत्तम. भिंतीवरची निळी पट्टी आणि जमिनीवरची ५ मीटरची खूण कृपया कोणी काढू नये. बुधवारी संध्याकाळी सात वाजता मी पुन्हा तिथे असेन. ज्यांना आपले हेडलाइट तपासायचे असतील त्यांनी टायरमधील हवा आधी नीट भरून गाडी आणावी.