भटकणारा कण आणि तापलेला पत्रा
संभाव्यता आणि आंशिक अवकल समीकरणे (एखादी राशी जागेनुसार, काळानुसार कशी बदलते हे सांगणारी समीकरणे) एकाच प्राध्यापकाच्या संशोधनात कशी काय, असा प्रश्न कुणालाही पडला तर तो रास्त आहे. नागपूरच्या विद्यार्थ्यांना मी तापलेल्या पत्र्याचे उदाहरण देतो: कडांचे तापमान कायम ठेवले आणि मध्ये कुठूनही उष्णता मिळाली नाही, तर आतल्या बिंदूपासून यदृच्छया भटकत निघालेला कण कडेला जिथे प्रथम टेकतो, तिथल्या तापमानाची असंख्य फेऱ्यांवरची सरासरी हेच त्या बिंदूचे स्थिर तापमान असते. म्हणजे असे स्थिर तापमान ठरवणाऱ्या लाप्लास यांच्या आंशिक अवकल समीकरणाची उकल भटकंतीतूनच मिळते! जपानी गणिती काकुतानी यांनी हे १९४४ मध्ये दाखवले. मला त्याहून मोलाचे वाटते ते चेन्नईत जन्मलेल्या, २००७ चे आबेल पारितोषिक (गणितातला एक सर्वोच्च सन्मान) मिळवणाऱ्या श्रीनिवास वरधन यांचे अमेरिकन गणिती स्ट्रूक यांच्यासोबतचे काम. जागोजागी बदलणाऱ्या माध्यमातल्या भटकंतीलाही त्यांनी भक्कम पाया दिला.