प्रतिसाद : ‘तीर्थ विठ्ठल’ची दोन रूपे
गायक भीमसेन जोशींच्या ‘तीर्थ विठ्ठल’ या अभंगाच्या जुन्या ध्वनिमुद्रणापुढे ‘संतवाणी’ या त्यांच्या अभंगगायनाच्या कार्यक्रमाच्या उत्तरकाळातील मैफलींतले गायन थकलेले वाटते, असे मत इथे मांडले गेले आहे; त्याच्याशी मी सहमत नाही. संगीतकार राम फाटकांनी अहिरभैरव रागात बांधलेली चाल जुन्या मुद्रणात नेटकी, आटोपशीर येते. मैफलीत मात्र भीमसेनजी एकेका ओळीवर रेंगाळतात, ‘विठ्ठल’ हा शब्द निरनिराळ्या स्वरांवर टेकवतात, आणि दमसास कमी झाला असला तरी आर्तता वाढलेली जाणवते. नरसीच्या नामदेवांचा हा अभंग भजनांत ऐकत वाढलेल्या आम्हां हिंगोली-परभणीकडच्यांना तर हेच रूप अधिक जवळचे आहे. तुलनेपूर्वी दोन्हींची पट्टीही (गाण्याचा आधारस्वर किती उंच आहे ते) तपासावी, कारण जुनी फीत संगणकावर घेताना वेग किंचित वाढला, तरी स्वर चढतो आणि आवाज उगाच तरुण भासतो.