सायकल स्टँड काढायचा का?

बी-३०२: पार्किंगमधल्या सायकली आज मोजल्या. नऊ आहेत. सात जणींच्या चाकात हवा नाही, एकीच्या टोपलीत कोळ्याचं जाळं. स्टँड काढून स्कूटरना जागा द्यावी म्हणतो.

ए-१०४: काका, हवा राहून तरी काय उपयोग? चालवायची कुठे? गेटबाहेर सायकलला जागाच नाही.

सी-५०१: ताई, मी रोज त्याच रस्त्याने जातो. जपायचं ते चौकात आणि उभ्या गाड्यांच्या रांगेपाशी, कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही. उभ्या गाड्यांपासून दोन-तीन हात लांब राहायचं. बाकी काही नाही.

ए-१०४: तुम्हाला सवय आहे हो. मी एकदाच गेले. मागून हॉर्न वाजला आणि हँडल इतकं आवळून धरलं की घरी आल्यावर बोटं सरळ होईनात.

बी-७०२: माझा अभ्यासाचा विषय, म्हणून लांबण लावतेय. रस्ता तोच, मतं दोन, यात नवल नाही. नकाशावर मोजलेला रस्ता आणि माणसाला वाटणारा रस्ता बरेचदा जुळत नाहीत. गोची अशी, की रस्ता बरा वाटतो म्हणून लोक चालवतात, की चालवून चालवून तो बरा वाटायला लागतो, हे एकदाच प्रश्नावली भरून घेतली तर कळत नाही. दादांचं बहुधा दुसरं असावं.

सी-५०१: असेल. पहिला महिना मीही फुटपाथवरून ढकलतच नेत होतो 😄

बी-७०२: अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात सायकलींचं काम पाहणाऱ्या रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये अंदाज मांडला होता: साधारण ६० टक्के लोकांना चालवायची इच्छा असते, पण भीती वाटते. नंतरच्या तिथल्या सर्वेक्षणातही हा गट निम्म्याहून मोठाच निघाला. ताई, तुम्ही त्यातल्या. जवळपास एक तृतीयांश लोक मात्र काही केलं तरी चालवणार नाहीत.

ए-६०३: त्यात मला धरा. रस्ता सोन्याचा केलात तरी गुडघे माझेच.

बी-३०२: म्हणजे रस्त्यावर नुसते सायकलचे पट्टे रंगवून भागणार नाही?

बी-७०२: भीती रंगाने जात नाही काका. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच वर्षांत गाड्यांपासून वेगळे आणि एकमेकांना जोडलेले सायकलमार्ग बांधले, आणि सायकलस्वार काही पटींनी वाढले. तुटक तुकड्यांचा तितका उपयोग होत नाही. मार्ग जिथे संपतो तिथेच पोटात गोळा येतो.

ए-१०४: अगदी! दादा, रविवारी सकाळी तुमच्या मागून आले तर चालेल? फक्त चौकापर्यंत.

सी-५०१: मागून नको, पुढे राहा. मागच्या गाड्या मी सांभाळतो.

बी-३०२: बरं, स्टँड राहू दे. सोसायटीच्या पंपाची नळी गळतेय, ती शनिवारच्या आत बदलून घेतो.