पोर्तुगीज बोलायच्या सरावासाठी चॅटबॉट कसा वापरावा? सल्ला हवा

अबोली:
नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात आठवी ते दहावीला पोर्तुगीज शिकवते. मुलांनी ही तिसरी भाषा म्हणून घेतली आहे. व्याकरण, उतारे, पत्रलेखन होतं, पेपरात मार्कही बरे पडतात. पण तोंड उघडायची वेळ आली की अख्खा वर्ग गप्प. घरी मराठी-कोंकणी, शाळेत इंग्रजी, मग पोर्तुगीज कानावर पडणार कुठून? एका तासात सगळ्यांना बोलतं करणं मला तरी जमण्यासारखं नाही.

मुलं फोनवर चॅटबॉट वापरतातच. निबंध तिथूनच उतरवलेला असतो, ते वाचताक्षणी कळतं. तोच चॅटबॉट बोलायच्या सरावाला लावता येईल का? कोणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा. महिन्याला पैसे भरायचं ॲप आमच्या पालकांना परवडणार नाही.

मांडवीकाठ:
टीचर, लावता येतो आणि जरूर लावा. मी पणजीत कॉलेजच्या मुलांच्या शिकवण्या घेतो, त्यावरून सांगतो. चॅटजीपीटी, जेमिनी, कोणताही घ्या, फुकटातला पुरतो. कोणता घेतला यापेक्षा सुरुवातीला त्याला काय सांगितलं, यावर सगळं अवलंबून आहे.

सर्वात आधी, पोर्तुगीज कुठलं ते बजावून सांगा. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर, पोर्तुगालची जेमतेम एक कोटी. इंटरनेटवरचा बहुतेक पोर्तुगीज मजकूर ब्राझीलचा, त्यामुळे बॉट आपसूक तिकडे झुकतो. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवरचा कोर्सही ब्राझीलच्याच पोर्तुगीजचा आहे. आपण शिकवतो लिस्बनचं. 'मी करतोय' याला तुम्ही 'श्तो आ फझेर' शिकवणार आणि बॉट 'इस्तो फझेंदु' म्हणणार. दोन्ही बरोबर, पण नववीतलं पोर गोंधळून जातं. म्हणून पहिल्या ओळीत 'युरोपीय पोर्तुगीजच वापर' असं लिहायचं, आणि गप्पा लांबल्या की मध्येच पुन्हा आठवण द्यायची, कारण तो घसरतो.

दुसरं, त्याला भूमिका द्या. 'माझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोल' एवढ्यावर तो भाषण ठोकतो. मी मुलांना देतो तो मजकूर असा: 'तू लिस्बनच्या बाजारातला मासेविक्रेता आहेस. मी गोव्याहून आलोय, मला फक्त वर्तमानकाळ येतो. एका वेळी एकच छोटं वाक्य बोल आणि शेवटी प्रश्न विचार. माझी चूक झाली तर लगेच उत्तर देऊ नकोस, आधी खूण सांग, मला सुधारू दे.' हा मजकूर मराठीत लिहिला तरी चालतो.

शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. एका मुलाने 'एउ गोश्तु पेइश' लिहिलं, मला मासे आवडतात या अर्थाने. बॉटने त्याला विचारलं, 'गोश्तु'नंतर काहीतरी राहिलंय का? मुलाने दोनदा चुकीचं काहीतरी घातलं आणि मग 'द' आठवला: 'गोश्तु द पेइश'. तयार दुरुस्ती मिळाली असती तर वाचून पुढे गेला असता. आता तो 'द' विसरत नाही.

तुमच्या मुलांसाठी एक विषय मुद्दाम घ्या: 'सेर' आणि 'श्तार'. आपल्याकडे दोन्हीला 'असणे'च, त्यामुळे मराठी मुलं इथे हमखास अडखळतात. बॉटकडून रोज याच्यावर चार नवे प्रसंग बनवून घेता येतात, आजारी माणूस, उघडं दार, थंड चहा. मात्र नियम तुम्हीच समजावा. बॉटचं व्याकरणाचं स्पष्टीकरण कधी कधी चुकतं, आणि चुकतानाही तितक्याच ठामपणे बोलतं. सराव त्याच्याकडे, शिकवणं तुमच्याकडे.

नववीच्या मुलीची आई:
टीचर, पालकाच्या बाजूने लिहिते. माझी मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, मुलं हसतील म्हणून. रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरात बसून माझ्या फोनवर बॉटशी बोलते. तिथे हसायला कोणी नाही, तेच वाक्य कितीही वेळा चुकलं तरी चालतं. तिची भीड मोडलीय हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फोन माझाच असतो आणि मी जवळ असते, एवढं मात्र पाळा म्हणून पालकसभेत नक्की सांगा.

साखळीचा मास्तर:
आईंनी लिहिलंय ते नियमातही बसतं. चॅटजीपीटीला तेरा वर्षांखालची मुलं चालत नाहीत आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते. आठवीत काही मुलं नुकती तेरा पूर्ण केलेली असतात, तेव्हा शाळेकडून पालकांची लेखी संमती घ्या. पूर्ण नाव, पत्ता, शाळेचं नाव, फोटो काहीही टाकायचं नाही हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार! मांडवीकाठ सर, मासेविक्रेत्याचा मजकूर मी तसाच उचलते. दोन शंका. उच्चारांचं काय? आणि मुलांनी खरंच सराव केला की नाही, कसं तपासू?

मांडवीकाठ:
उच्चारांसाठी बॉटवर विसंबू नका. आवाजात बोललं तरी तो वाकडातिकडा उच्चारही अंदाजाने समजून घेतो आणि पुढे जातो, त्यामुळे मुलाला चूक कळतच नाही. लिस्बनची माणसं स्वर गिळून बोलतात, ते कानाला लागायला खरे आवाज हवेत. आरटीपी या पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीच्या बातम्या नेटवर फुकट आहेत, रोज थोडा वेळ ऐकवा. नाकातले स्वर तुमच्या मुलांना जड जाणार नाहीत, कोंकणीने ते आधीच शिकवलेत. पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामॉइंश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे, तिथल्याच फोंताइन्यस भागात फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे, तिथल्या कार्यक्रमांना वर्ग घेऊन या. आणि गावात १९६१ पूर्वी लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या सरकारी माध्यमिक शाळेत, शिकलेले एखादे आजोबा-आजी असतील तर त्यांना शाळेत बोलवा. ही माणसं आता खूप वयस्कर झाली आहेत. हे काम याच वर्षी करा.

तपासणीचं सोपं आहे. मुलांनी बॉटशी झालेलं संभाषण वहीत उतरवून आणायचं, आपली चुकलेली वाक्यं लाल पेनाने अधोरेखित करून. मग वर्गात दोघांनी मिळून तोच प्रसंग वही मिटून करायचा, एक मासेवाला, एक गिऱ्हाईक. ज्याने नुसतं उतरवून आणलंय तो दुसऱ्याच वाक्याला अडकतो. मार्क वहीला नको, या बोलण्याला द्या.

अबोली:
हे उत्तम. संमतीपत्राचा मसुदा आजच करते. आमच्या शेजारच्या वाड्यावर लिसेंवमध्ये शिकलेल्या एक आजी आहेत, रविवारी त्यांच्याकडे जाऊन विचारते.